शंभर पाण्यांचं तूप

माझे मामा जखम आधी हुंगत आणि मग बघत. समोरचा माणूस कण्हत असायचा, त्याच्याबरोबर आलेले चौघे एकाच वेळी बोलत असायचे, आणि मामा डोळे मिटून पट्टीजवळ नाक न्यायचे. "चार दिवसांत कोरडी पडेल," म्हणायचे, की पडायची. "आत काटा राहिलाय," म्हणायचे, की राहिलेला असायचा. लहरीपुऱ्याच्या दरवाजातून आत शिरून कुणालाही विचारलं तरी 'नाकवाले जयवंतराव' कुठे राहतात ते सांगत. मामीला ते नाव मुळीच आवडायचं नाही. "धुमाळांचं चांगलं आडनाव आहे, पागेत नोकरी आहे, पण मेल्यांना नाक तेवढं दिसलं," ती म्हणायची. मामांचं नाक होतंही तसं दिसण्याजोगं.

मी त्यांच्या बहिणीची मुलगी. आई मला तीन वर्षांची ठेवून गेली आणि वडिलांनी दुसरा संसार मांडला. मामामामींना मूलबाळ नव्हतं. मामीने, म्हणजे मथुराबाईंनी, मला एकदाच काखेला घेतलं ते लुगडं नेसायची होईपर्यंत खाली ठेवलं नाही, असं गल्लीतल्या बायका म्हणत. मी पुढे बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकले, शाळेत मास्तरीण झाले, चाळीस वर्षं पोरींवर ओरडले. ओरडायला मी मामीकडून शिकले. ऐकून घ्यायलाही तिच्याकडूनच शिकायला हवं होतं, पण ते जमलं नाही. एकदाच जमलं, आणि ते नको तेव्हा.

मामांची विद्या त्यांच्या वडिलांची. सुभानराव धुमाळ रिसाल्यात स्वार होते. छावणीत घोड्यांच्या आणि माणसांच्या जखमा बांधता बांधता त्यांचा हात बसला. मरताना त्यांनी ही विद्या मामांच्या स्वाधीन केली, त्या वेळी दोन अटी घातल्या. एक, जखम बांधल्याबद्दल नारळसुद्धा घ्यायचा नाही. दुसरी, चामड्याला लागलेलं पाणी जखमेला लावायचं नाही. का, ते सांगितलं नाही. वडिलांना 'का' विचारायची आमच्या घरात रीत नव्हती. ती माझ्यापासून सुरू झाली.

मामा दिवसभर पागेत घोड्यांच्या दाण्यावर देखरेख करत. म्हणजे दिवसभर जीन, लगाम, पट्टे, सगळं चामडंच चामडं. पण घरी आले की परसात जाऊन चुलीतल्या राखेने कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि मग ओसरीवर वाट बघत बसलेल्या माणसाकडे वळायचे. परसात आमची विहीर होती, जुनी, दगडी बांधाची. जखमेला पाणी लागायचं ते तिचंच. पितळेच्या घागरीला सुताचा दोर, चामड्याचा संबंध नाही. विहिरीला लागून चार वाफे होते. त्यांत मामा दर हिवाळ्यात कांदा लावत, आणि पाणीही त्याच विहिरीचं देत.

भाजलेल्यावर मामांचा हात खास होता. त्यासाठी ते तूप धूत. काशाच्या परातीत गाईचं तूप घ्यायचं, वर तांब्याभर पाणी ओतायचं, आणि तळहाताने घोळत राहायचं. पाणी गढूळ झालं की ओतून टाकायचं, नवं घ्यायचं. असं शंभर वेळा. चुकू नये म्हणून मामा शेजारी शंभर चिंचोके ठेवत आणि प्रत्येक पाण्याला एक चिंचोका उजवीकडून डावीकडे सरकवत. सकाळी बसले की दुपार व्हायची. शंभराव्या पाण्याला तूप तूप राहायचं नाही. पांढरंशुभ्र, लोण्याहून हलकं, हाताला थंड असं काहीतरी व्हायचं. ते भाजलेल्या अंगावर लावलं की ओरडणारा माणूस गप्प व्हायचा. हे मी कितीदा डोळ्यांनी पाहिलं आहे. मामांची विद्या खोटी होती असं कुणी समजू नये, म्हणून हे आधीच सांगते.

मी चार-पाच वर्षांची असताना गल्लीच्या तोंडाशी आजव्याच्या तलावाच्या पाण्याचा नळ आला. त्याआधी अर्धी गल्ली आमच्याच विहिरीवर पाणी भरत होती. पहाटेपासून दोन्ही कप्प्या करकरत असायच्या. नळ आला तेव्हा म्हाताऱ्या बायकांनी नाकं मुरडली. नळाच्या तोंडात चामड्याची चकती असते, वायसर म्हणतात तिला, ती पाण्याला शिवते, मग ते पाणी देवाला कसं चालायचं? समोरच्या शास्त्रीबुवांनी तर नळाकडे बघायचंही सोडलं होतं. पण घागर दारात आयती भरत असली की धर्म हळूहळू वाट काढतो. तीन वर्षांत शास्त्रीबुवांनीही ते चामडं मुकाट्याने गिळलं. आमच्या घरीसुद्धा प्यायला आणि सैपाकाला नळाचं पाणी आलं.

जखमेला मात्र नाही. तिथे वडिलांचा शब्द होता. "पिणाऱ्याने काय प्यायचं ते त्याने बघावं," मामा म्हणत, "जखमेचं मी बघतो." तेव्हापासून विहिरीवर घागर सोडणारे एकटे मामा राहिले. दिवसाला शंभर-दोनशे घागरी उपसली जाणारी विहीर, तिच्यातून आता पाच-सहा निघायच्या. शेजारच्या पिंपळाची पानं आत पडायची ती तिथेच कुजायची. मामांना त्यात आनंदच होता. विहीर निवांत झाली, असं ते म्हणत.

एकोणीसशे सात-आठच्या सुमाराला जखमा भरायला वेळ लागू लागला. करजणहून एक गाडीवान यायचा, त्याची पोटरी महिना झाला तरी बुजेना. मामा उलट त्याच्यावरच डाफरले. "गूळ खाल्लास. खरं सांग, खाल्लास ने?" तो बिचारा शपथा घेत होता. मग तो यायचाच थांबला. मामा म्हणाले, पथ्य पाळवत नाही लोकांना.

त्याच हिवाळ्यात कांदाही नासला. वरून खणखणीत दिसायचा, कापला की आतला एखादा पापुद्रा पाणचट, लिबलिबीत, बोट लावलं तर निसटणारा. त्याला एक वास होता. कुजक्या कांद्याचा उग्र वास नव्हे. गोडसर, जरा आंबूस, मोहाच्या फुलांचा ढीग उन्हात पडल्यावर येतो तसा. मी मामीला म्हटलं, "हा कसला गं वास?" ती म्हणाली, "बी वाईट निघालं. तुझ्या मामांना सांगू नकोस, बीवाल्याकडे भांडायला जातील." आम्ही तेवढा पापुद्रा काढून बाकीचा कांदा आमटीत घातला.

होळीच्या दिवशी मामी कुरडया तळत होती. चुलीचा एक दगड हलत होता, तो बसवायचा म्हणून मामांना ती आठ दिवस सांगत होती, हेही खरं. कढई कलली आणि तेल तिच्या डाव्या पायावर आलं, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत. ती ओरडली नाही. "कुसुम, कढई धर," एवढंच म्हणाली.

मामा घरीच होते. त्यांनी तिला उचलून परसात नेलं आणि पायावर घागरीमागून घागर ओतली. मग परात घेऊन बसले.   शंभर चिंचोके डावीकडे गेले तरी ते उठले नाहीत, पुन्हा पाणी ओतायला लागले. मी म्हटलं, "मामा, झाले शंभर." ते म्हणाले, "तिच्यासाठी वर एकवीस." आणि रोज नवं तूप, रोज एकशे एकवीस पाणी. पागेतून त्यांनी आठ दिवसांची रजा काढली. सकाळ झाली की त्यांची घागर विहिरीत पडायची आणि दुपारपर्यंत परसातून पाण्याचा आवाज येत राहायचा.

मामी पडल्या पडल्या चेष्टा करायची. "लग्नात माझ्या बाबांनी तुमचे पाय धुतले, त्याची फेड चाललीय वाटतं!"

"गप पडून राहा," मामा म्हणायचे, आणि हसायचे.

पाचव्या दिवशी मामांनी पट्टी हुंगली.  मामीने विचारलं, "किती दिवस?" तर म्हणाले, "बघू." मी मागेच उभी होते. मला तो वास आला. कुठेतरी घेतलेला वाटला, पण कुठे ते आठवेना. सातव्या दिवशी पट्टीवर हिरवट निळा डाग आला, मोरचुदाच्या रंगाचा. मामांनी मला ती पट्टी धुवायला दिली नाही, स्वतः नेऊन पुरली. आणि दिवसातून एकदा धुवायचे ते पाय तीनदा धुवायला लागले.

ट्रेनिंग कॉलेजात आम्हाला आरोग्यशास्त्राचे धडे होते. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, पाणी उकळलं की ते मरतात, हे मी पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं, चांगले गुण मिळवले होते. मी मामांना म्हटलं, "मामा, पाणी उकळून घ्या. नाहीतर नळाचं तरी घ्या."

"उकळलेलं पाणी मेलेलं असतं. मेलेल्या पाण्याने जिवंत कातडी येईल होय?"

"मग नळाचं घ्या."

"नळात चामडं आहे."

"दिवसभर जिनांना हात लावता, तेव्हा?"

"म्हणून तर राखेने हात धुतो," मामा म्हणाले. ते रागावले नव्हते. रागावले असते तर मी भांडले असते. ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तीस वर्षं माझं ह्या एका शब्दावर चाललंय. आता तिचा पाय माझ्या हातात असताना तोच शब्द सोडू?"  याचं उत्तर पुस्तकात दिलेलं नव्हतं.

रजा संपली आणि मामा सकाळचे दोन तास पागेत जाऊन येऊ लागले. तेवढ्यात मी नळाचं पाणी आणलं, खळखळून उकळलं, गार केलं आणि मामांची विहिरीची घागर रिकामी करून तिच्यात ते भरून ठेवलं. आपण फार हुशार आहोत असं मला वाटलं. पण मामीच्या डोळ्यांतून घरातलं काही सुटायचं नाही. चुलीवर मोठं भांडं कशाला चढलं होतं, असं तिने विचारलं. मला खोटं बोलता येत नसे, विशेषतः तिच्याशी.

"फेकून दे," ती म्हणाली.

"मामी, पायाला रंग कसला आलाय तो बघितलास का?"

"बघितलाय. माझाच पाय आहे." तापाने तिचे ओठ सुकले होते. "कुसुम, मी गेले तर ते रडतील, मग आवरतील. पण बायकोपायी वडिलांचा शब्द मोडला, आणि तोही त्यांच्या पाठीमागे, त्यांच्याच घागरीत, हे कळलं तर त्या माणसाला पुन्हा कुणाच्या जखमेला हात लावता यायचा नाही. फेक ते. माझी शपथ आहे."

मी एकोणीस वर्षांची होते. हट्टी म्हणून गल्लीत माझी ख्याती होती. कॉलेजात जायचं नाही म्हणून सगळे नातेवाईक सांगत असताना मी कुणाचं ऐकलं नव्हतं. आणि त्या दिवशी ऐकलं. घागर उचलली, परसात गेले आणि ते पाणी कांद्याच्या वाफ्यात ओतलं. मग विहिरीची घागर पुन्हा भरून ठेवली, माझ्या हातांनी. मामांना दोष देणारे पुढे पुष्कळ भेटले. त्यांना मी प्रत्येक वेळी गप्प केलं, कारण ती एक घागर मी भरली होती.

पाडव्याला मामीचा ताप उतरेना आणि ती मला माझ्या आईच्या नावाने हाक मारायला लागली. दारात गुढी उभी होती. मी कुणाला न विचारता दवाखान्यात गेले आणि डॉक्टरांना घेऊन आले. ते नवसारीकडचे पारशी होते, वयस्कर, दमेकरी. ओसरीच्या पायऱ्या चढून आले ते आधी दारातच थांबले. त्यांनी हवेत नाक वर केलं. मामांसारखंच. मला वाटतं त्यामुळेच मामा त्यांना अडवायला पुढे झाले होते ते मागे सरले.

डॉक्टरांनी पट्टी सोडली, पाय पाहिला, आणि तूप कशात धुता ते विचारलं. मग म्हणाले, "पाणी क्यांनुं वापरो छो?"

मामांनी परसाकडे बोट दाखवलं. डॉक्टर तिथे गेले, विहिरीत वाकून पाहिलं. पाण्यावर पिंपळाची पानं आणि एक तवंग होता. मग त्यांची नजर वाफ्यांकडे गेली. पाती अवेळी पिवळी पडून लोळत होती. त्यांनी एक कांदा उपटला, खिशातल्या चाकूने उभा चिरला, हुंगला आणि मामांच्या हातात दिला.

मामांनी तो नाकाजवळ नेला. मग दुसऱ्या हातातली, मामीच्या पायाची सोडलेली पट्टी नाकाजवळ नेली. पुन्हा कांदा. पुन्हा पट्टी.

"ए जंतु पाणीमां ज रहे छे," डॉक्टर म्हणाले. "कांदो होय के माणस, एने बधुं सरखुं." पिणाऱ्याला तो फारसं काही करत नाही, पण कातडी उघडी सापडली, की मग ती कांद्याची असो की माणसाची, तो आत शिरतो आणि कुजवत जातो, असं त्यांनी समजावून सांगितलं. ते चांगले गृहस्थ होते, त्यांनी आवाज चढवला नाही. तुपाबद्दल वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, की शंभर वेळा धुतलंत म्हणजे शंभर वेळा तो जंतू कालवलात.

मामा विहिरीच्या कठड्यावर बसले. "एकशे एकवीस वेळा," म्हणाले. मराठीत म्हणाले, डॉक्टरांना कळलं नसावं.

मामीला टांग्यात घालून दवाखान्यात नेलं. तिथे उकळलेल्या पाण्याने आणि औषधाने पाय रोज धुतला. डॉक्टरांनी पाय कापायचंही मनात आणलं होतं, पण विष रक्तात गेलं होतं आणि तिच्यात तेवढी ताकद उरली नव्हती. मामा खाटेशेजारी बसून असायचे. त्यांनी तिला हात लावणं सोडलं होतं. पाणी पाजायचं झालं तरी मला हाक मारायचे. मामीच्या ते लक्षात आलं. रामनवमीच्या आदल्या दिवशी तिने स्वतःच त्यांचा हात ओढून आपल्या कपाळावर ठेवला आणि विचारलं, "कांदे काढलेत का?"

"काढले," मामा म्हणाले.

"भिंतीला बांधून ठेवा. पावसाळ्याला होतील."

कांदे त्यांनी दोन दिवसांपूर्वीच सगळे उपटून जाळले होते. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळचे दहा वाजले असतील, मामी गेली.

तेराव्यानंतर भेटायला येणाऱ्यांत जगदेवराव होते. सुभानरावांबरोबर रिसाल्यात स्वारी केलेले, ऐंशी उलटलेले, कानांनी बहिरे. बहिरी माणसं बोलतात तसे मोठ्याने बोलायचे. काय झालं ते त्यांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणजे मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं. सांगताना चामड्याच्या अटीचाही उल्लेख आला. तशी म्हाताऱ्याने मान हलवली.

"अरे, ते चामडं म्हणजे पखालीचं! छावणीत भिस्ती पखालीतून पाणी आणायचा. पखाल आतून कुजायची, बुळबुळीत व्हायची. तिच्या पाण्याने धुतलं की जखम हिरवी पडायची. सुभान्याच्या ते ध्यानात आलं. मग तो सगळ्यांना सांगत सुटला, चामड्यातलं सडकं पाणी घेऊ नका रे, दुसरं कुठलंही चांगलं पाणी घ्या. नदी लांब असली तर तो पाणी तापवून घ्यायचा. हसायचो आम्ही त्याला, जखमेसाठी चहा करतोय म्हणून!"

एवढं बोलून ते हसले. मग खोलीत कुणीच हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते माझ्याकडे बघू लागले. आपण काय चुकीचं बोललो ते त्यांना कळेना.

मामा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "मी बाबांचा शब्द धरून बसलो, कुसुम. बाबा काय म्हणत होते, ते ऐकलंच नाही." मग उठून त्यांनी जगदेवरावांची काठी त्यांच्या हातात दिली, त्यांना हाताला धरून रस्त्यापर्यंत पोचवलं.

त्यानंतर मामांनी जखमा बांधणं सोडलं. विहिरीवर फळ्या ठोकल्या, परात माळ्यावर टाकली. माणसं येतच राहिली. मामा दारात हात जोडून उभे राहायचे आणि म्हणायचे, "दवाखान्यात जा." कुणी फारच घाबरलेला असला, तर पगडी घालून त्याच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चालत जायचे आणि बाहेरूनच परत यायचे. लोक म्हणायचे, बायको गेल्यापासून जयवंतराव विरक्त झाले. लोकांना काय, विरक्त म्हटलं की सुटले. माझ्यासमोर कुणी म्हटलं तर मी चांगलं फटकारायची. विरक्त माणूस जेवताना रोज शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघत नाही. कांदा त्यांनी पुन्हा ताटात घेतला नाही.

मामी म्हणाली होती तेच झालं. फक्त वेगळ्या रस्त्याने झालं.

दोन वर्षांनी रखमाबाई आली. शास्त्रीबुवांच्या मागल्या बाजूला एका बिऱ्हाडात ती सैपाकाला होती. पेज ओतताना पातेलं निसटून उजव्या हातावर मनगटापासून खांद्यापर्यंत भाजली होती. मामांनी हात जोडले. ती म्हणाली, "दवाखान्यात माझा नवरा गेला. मी तिथली पायरी चढणार नाही. मेले तर इथे मरेन." आणि ओसरीच्या पायरीवर बसली. मी शाळेतून दुपारी आले तेव्हा ती तिथेच होती, हात वर धरून, दातांवर दात दाबून. मामा आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले होते.

 मी चप्पल काढली, पाय धुतले. तेवढ्यात ते म्हणाले, "कुसुम, नळाचं पाणी आण. मोठ्या हंड्यात उकळत ठेव."

मी चुलीपुढे बसले. एक हंडा उकळायचा, झाकून गार व्हायला ठेवायचा, दुसरा चढवायचा. मामांनी माळ्यावरून परात काढली, तीही उकळत्या पाण्याने धुतली. चिंचोके डब्यात तसेच होते, मामीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेले. ते त्यांनी मोजून घेतले. दिवेलागण झाली तेव्हा शंभर झाले. तूप पूर्वीसारखंच पांढरं झालं होतं. रखमाबाईच्या हाताला लावलं तेव्हा तिने पहिल्यांदा डोळे मिटून श्वास सोडला.

रोज शाळा सुटली की मी चुलीपुढे आणि मामा परातीपुढे. पाचव्या दिवशी पट्टी सोडताना ते थांबले, मला म्हणाले, "तू सोड." मी सोडली. पट्टी पिवळसर होती, बस. मामांनी हुंगली नाही. सातव्या दिवशीही नाही. रखमाबाई म्हणायची, "अहो, तुमच्या नाकाची एवढी ख्याती ऐकली होती, आणि तुम्ही तर तोंड फिरवता!" 

तेराव्या दिवशी शेवटची पट्टी निघाली. खाली कोवळी गुलाबी कातडी आली होती, खांद्यापर्यंत. रखमाबाईने हात उघडून मिटून दाखवला, पदर डोळ्यांना लावला, मामांच्या पाया पडली आणि गेली. जाताना गल्लीत दोघींना हात दाखवत गेली, तिचा आवाज आम्हाला ऐकू येत होता.

मामांच्या हातात ती पट्टी होती. त्यांनी ती नाकाजवळ नेली आणि डोळे मिटले.

"कुसुम, तू बघ. वास नाही ने?"

मी घेतली, हुंगली. धुतलेल्या कापडाचा आणि थोडा तुपाचा, एवढाच. "नाही, मामा. कसलाच नाही."

आणि मग ते रडले. मामी गेली तेव्हा रडले नव्हते, जगदेवराव बोलून गेले तेव्हा रडले नव्हते. आता रखमाबाई बरी होऊन गेल्यावर ते ओसरीत बसून लहान मुलासारखे रडायला लागले, आणि मला त्यांना गप्प करता येईना, कारण मीही रडत होते. चुलीत अजून विस्तव होता. मामा त्या चुलीकडे बघत होते.

"एवढंच होतं गं," ते म्हणाले. "चूल पेटवायची होती. एवढंच होतं."